तेविसावा वाटा

दामिनी माझ्या वर्गात तीन वर्षं होती, पण ती जागेवर बसलेली मला फारशी आठवत नाही. हजेरीच्या वेळी ती खिडकीशी उभी असायची. कुणी सांगितलं नसताना फळा पुसायची. तास संपायला दहा मिनिटं असतानाच तिची वही पिशवीत गेलेली असायची. पायाला भिंगरी म्हणतात, ती हिच्या पायाला जन्मतःच बांधून पाठवली असावी. मी चिडायचे. मुळात मी चिडखोरच आहे. चंद्रपूरच्या उन्हात वीस वर्षं, आधी वाणिज्य आणि मग व्यवस्थापन शिकवून कुणाचा स्वभाव गोड राहिला असेल, तर त्यानं मला येऊन भेटावं.

तिचं गाव गोंडपिपरीपासून आत नऊ किलोमीटर. गावाला मोठा तलाव, आणि तलावावर जगणारी ढिवरांची बावीस घरं. त्यातलंच एक तिचं. वडील इस्तारी मच्छीमार संस्थेचे सभासद, आई रोवणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या धानात. बीबीएला आलेली गावातली ती पहिलीच मुलगी. वसतिगृहात राहायची, शुक्रवारी दुपारच्या एस.टी.नं गावी पळायची आणि सोमवारी पहिल्या गाडीनं परतायची. माझा सोमवारचा पहिला तास तिनं कधीही वेळेवर गाठला नाही आणि कधी बुडवलाही नाही.

तिचा एक ठरलेला प्रश्न होता. मी काहीही शिकवलं, नियोजन म्हणा, नियंत्रण म्हणा, की मागून आवाज यायचा: "मंग पुढं काय, मॅडम?" म्हणजे हे समजलं, आता याचं करायचं काय. मला तो उद्धटपणा वाटायचा. खरं म्हणजे मला उत्तर येत नसायचं.

२००५च्या दिवाळीआधी मी नागपूरला तीन दिवसांची एक कार्यशाळा करून आले. येताना एक फाईल, एक स्टीलची बाटली आणि पुष्कळ मोठे शब्द घेऊन आले. जबाबदार व्यवस्थापन, शाश्वत विकास, विद्यार्थ्यांचा प्रत्यक्ष सहभाग. नवा मुसलमान पाच वेळा नमाज पढतो, तसं माझं झालं. वर्गाला प्रकल्प दिला. आपल्या भागातला एक धंदा निवडा, त्यात कोण काय काम करतो, कोण काय घेतो आणि पुढच्यांसाठी काय उरतं, ते शोधा. नुसतं लिहू नका, सुधारणा सुचवा, आणि जमलं तर करून दाखवा. बहुतेकांनी गडचांदूरचं सिमेंट घेतलं, कारण त्यावर आयती माहिती मिळत होती आणि एकमेकांचं उतरवून काढता येत होतं. दामिनीनं गावचा तलाव घेतला. "मंग पुढं काय"चं उत्तर मी पहिल्यांदाच प्रश्नाआधी दिलं होतं, आणि ती नुसती सुसाट सुटली.

त्या तलावावर वाटे घालायची जुनी रीत आहे. जाळी ओढून झाली की पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पळसाची पानं अंथरून मासळीचे सारखे ढीग घालतात. एक जण ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एका ढिगाला काठी लावून विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोरा माणूस मनाला येईल ते नाव घेतो. ज्याचं नाव निघालं, त्याचा तो ढीग. कुणाला मोठी मरळ आली, कुणाला आली नाही, तरी तक्रार करायला तोंड नाही, कारण नाव घेणाऱ्यानं काही पाहिलेलंच नसतं. मी हे वर्गात ऐकलं तेव्हा म्हणाले, पाहा, हेच पारदर्शक व्यवस्थापन. माझ्या तोंडाला तेव्हा असे शब्द सारखे यायचे.

घरं बावीस आणि ढीग मात्र तेवीस. तेविसावा नीलाबाईचा.

नीलाबाई साठी उलटलेली, एकटी. नवरा सोमाजी जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पाळीच्या टोकाला, जिथं नाल्याचं पाणी तलावात शिरतं, तिथल्या मोहाच्या झाडाखाली ती दिवसभर बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर ओरडायची. पोरांवर तर फारच. गावात तिच्या तोंडी कुणी लागत नसे. दामिनीनं लहानपणी तिच्या काठीचा मार खाल्लेला होता.

दामिनीनं तक्ता केला. नाव, काम, वाटा असे तीन रकाने. जाळं ओढणं, जाळं विणणं, डोंगा हाकणं, मासळीचं बीज सोडणं, बाजाराला नेणं, सगळं नीट भरलं. नीलाबाईपुढचा रकाना रिकामा. तिनं वडलांना विचारलं. इस्तारी म्हणाले, तो वाटा हाये, पयलेपासून हाये, सोमाजी होता तवा त्याचा होता, त्याच्या आंधी त्याच्या बापाचा. कशाचा, ते त्यांना सांगता येईना. मग पोरगी कागद घेऊन थेट मोहाखाली गेली.

"बाई, तू काय काम करते?"

"काई नाई करत मी. बसून राह्यते," नीलाबाई म्हणाली.

दामिनीनं तसंच लिहिलं: काही नाही. आमच्याकडची कुठलीही बाई, दिवसभर चूल, शेत, जनावरं करून वर सरपण आणते, आणि काय करता विचारलं तर म्हणते, काही नाही. हे दामिनीला माहीत होतं, मलाही होतं. माझी आई तेच म्हणायची. तरी हातात कागद असला की माणूस उत्तर ऐकत नाही, रकाना भरतो.

तक्ता माझ्याकडे आला. मी त्या ओळीला लाल शाईनं गोल केलं आणि समासात लिहिलं: या वाट्याचे औचित्य काय? ते अक्षर माझं आहे. प्रकल्पाची ती प्रत अजून माझ्या कपाटात आहे, म्हणून नाकारायची सोय नाही. आठ दिवसांनी सुधारलेली प्रत आली, तिच्यात शिफारस होती: वाटा कामाशी जोडावा, काम नसलेला वाटा बंद करावा. वर्गात सगळ्यात जास्त गुण मी तिला दिले.

पण प्रकल्प कागदावर राहिला असता तर ती दामिनी कसली. डिसेंबरात तिनं मच्छीमार संस्थेची सभा भरवायला लावली. संस्थेचे अध्यक्ष बापूजी म्हणजे भला माणूस, पण शिकलेल्यांपुढे बिचकणारा. आपल्याच गावची पोट्टी शहरातून छापील कागद घेऊन आली, मागच्या पानावर कॉलेजचा शिक्का, म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. तरण्या सभासदांना तर आवडलंच. इस्तारी तेवढे म्हणाले की आणखी एक साल पाहू. पोरीनंच त्यांना गप्प केलं. नीलाबाई सभेला नव्हती. ती सभासद कुठं होती.

फेब्रुवारीत जाळी ओढली. दामिनी मुद्दाम सुट्टी काढून गेली होती, आणि त्या वर्षी नाव घ्यायला पाठमोरं उभं राहायचा मान गावानं तिला दिला. तिनं बावीस नावं घेतली आणि वळली. सगळे आपापला ढीग टोपल्यात भरत होते. नीलाबाई रिकामी टोपली घेऊन थोडा वेळ उभी होती. कुणी काही सांगायला पुढं झालं नाही. मग ती टोपली डोक्यावर पालथी घालून घरी गेली. हे दामिनीनं मला सोमवारी सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात थोडी कुरकुर होती. मी म्हणाले, बदल म्हटला की थोडं दुखतंच. अशी वाक्यं कार्यशाळेत फुकट मिळतात.

पुढच्याच आठवड्यात नीलाबाई आंध्रात मिरची तोडायला निघालेल्या टोळीबरोबर गेली. मे महिन्यात टोळी परतली, ती आली नाही. तिकडं एका शेतावर राहिली, म्हणे. गावानं फार चौकशी केली नाही. पाळीवर आता कुणी ओरडत नाही, म्हणून पोरं खूश होती.

जुलैत दामिनी नेहमीसारखी शुक्रवारी घरी गेली. आईनं मासळीचं कालवण केलं होतं, पोटात अंडी भरलेली मासळी, वाटीभर. तिनं वर्षानुवर्षं अशी खाल्ली नव्हती. दोनदा मागून घेतली. मग हात चाटत विचारलं, एवढी अंडीवाली मासळी कुठून आली? नाल्याच्या तोंडावरून, इस्तारी म्हणाले. पाणी नव्यानं आलं की मासळी अंडी टाकायला नाल्यात वर चढते, तिथं बांबूचे सापळे लावले की टोपल्या भरतात. सगळ्या गावानं लावले होते. आठ दिवस घरोघरी हेच शिजत होतं.

"नीलाबाई ओरडली नाई?" दामिनीनं विचारलं. सवयीनं.

"नीलाबाई कुठी हाये आता," इस्तारी म्हणाले.

तिनं मला सांगितलं, मॅडम, तोंडातला घास गिळता येईना आणि थुंकताही येईना. लहानपणी काठी कुठं खाल्ली होती, ते तिला आठवलं. नाल्याच्या तोंडावर. जुलैत. हातात सापळा असताना. नीलाबाईचं काम मासे धरण्याचं नव्हतंच. मासे धरू न देण्याचं होतं. आणि धरू न दिलेले मासे कुठल्या तक्त्यात दिसणार. तिच्या सासऱ्याला कुणीतरी कधीतरी ते काम नेमून दिलं असणार. मग नेमणारे मेले, काम आणि वाटा तेवढे राहिले. पुढच्या वर्षीची आणि त्याच्या पुढच्या वर्षीची मासळी ती वर्षातले ते आठ-दहा दिवस काठी घेऊन राखत होती. उरलेलं वर्षभर बसून राह्यत होती, ते खरंच.

शाश्वत मत्स्यव्यवस्थापन, असं आमच्या प्रकल्पाचं नाव होतं.

दामिनी शनिवारीच परत आली. रविवारी सकाळी माझ्या दारात. बस म्हटलं तर बसेना, माझ्या छोट्याशा खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत चालत राहिली. म्हणाली, प्रकल्प मागं घ्या. आता गंमत पाहा. तो प्रकल्प मी नागपूरच्या एका संस्थेच्या विद्यार्थी-स्पर्धेला पाठवला होता आणि अंतिम फेरीत निवडला गेला होता. ऑगस्टच्या शेवटी सादरीकरण होतं. आमच्या कॉलेजचं नाव तिथं पहिल्यांदाच लागणार होतं. मी तिला समजावलं. म्हणाले, चूक प्रत्येक अभ्यासात निघते, आपण शेवटी एक टीप जोडू.

"टीप कुठी जोडू, मॅडम? नाल्यात?"

मला राग आला. खरं सांगायचं तर लाज वाटली, आणि माझी लाज नेहमी रागाच्याच वाटेनं बाहेर येते. मी तिला म्हणाले, तुझ्या गावच्या लोकांनी स्वतःच्या हातानं सापळे लावले, त्याला मी आणि तू काय करणार. ती चप्पल पायात अडकवून गेली.

सादरीकरणाच्या दिवशी ती नागपूरला आलीच नाही. सादरीकरणातला तिचा जोडीदार, वर्गातला स्वप्निल, घामाघूम. शेवटी मीच मंचावर उभी राहिले आणि पडद्यावर तक्ता दाखवला. तेविसावी ओळ आली तेव्हा मी पान भराभर पुढं ढकललं. टीपही वाचली नाही. दुसरा क्रमांक आला. लाकडी पाटीवर पितळी पान, अजून प्राचार्यांच्या खोलीत आहे. मी त्या खोलीत जाताना तिकडं बघायचं टाळते.

त्याच दिवशी दामिनी आणि इस्तारी बल्लारपूरहून पॅसेंजर धरून आंध्रात उतरले होते. टोळीच्या मुकादमानं सांगितलेलं गाव एवढाच पत्ता. दोघांना तेलुगू येत नव्हतं. तीन दिवस शेतं धुंडाळली. नीलाबाई एका मिरचीवाल्याच्या शेडात सापडली, खोकून खोकून अर्धी झालेली. दामिनीनं पाय धरले आणि सगळं सांगितलं, तक्ता, लाल शाई, अंडीवाली मासळी. तिनं विचारलं, मी विचारलं तवा काऊन सांगितलं नाई?

"आता मानसानं आपल्याच तोंडानं सांगाव का, मी मासे राखते म्हनून?" नीलाबाई म्हणाली. "तुमी वाटा बंद केला. मले वाटलं, आता गावाले राखनदार नाई पायजे. मंग बसून काय करू?"

ती रागावली नव्हती, हे दामिनीला सगळ्यात जास्त लागलं. दोन काठ्या मारल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ती मला म्हणाली.

नीलाबाई त्यांच्याबरोबर परत आली. दामिनीनं संस्थेपुढे पुन्हा सभा घेतली, या वेळी कागद न नेता. बापूजींनी तेविसावा वाटा परत सुरू केला आणि मनापासून माफी मागितली. पण वरातीमागून घोडं. वाटा ठरावानं परत आणता येतो. नाल्यात मारलेली मासळी कुठल्या ठरावानं येणार?

फेब्रुवारी २००७. त्या वर्षी मी स्वतः गेले. ज्या तलावावर मी लाल शाईनं लिहिलं होतं, तो मी पहिल्यांदा पाहत होते. सकाळी दोनदा जाळं ओढलं गेलं. बाया पाळीवर एकमेकींकडे बघत होत्या. बावीस ढीग घातले, तर एकेका ढिगानं पळसाचं एक पान झाकेना. दामिनी ढिगांकडे पाठ करून उभी होती. गावानंच तिला उभं केलं होतं, आणि तिला नाही म्हणता आलं नव्हतं. काठी लागत गेली, ती नावं घेत गेली, आवाज बसलेला. तिसऱ्यांदा जाळं ओढायचं ते नीलाबाईसाठी, असं बापूजींनी आधीच जाहीर केलं होतं. त्यात येईल ते सगळं तिचं. माणसं दोराला लागली.

नीलाबाई मोहाखालून उठून आली आणि दोर धरला.

"ओढू नका. माहा वाटा पान्यातच राहू द्या. तलावात बीजाले मासळी उरली नाई."

"मंग तू सालभर खाशीन काय?" बापूजींनी विचारलं.

"ते मी पाहीन."

जाळं तसंच गुंडाळून पाळीवर ठेवलं गेलं. दामिनीला यातलं काही दिसत नव्हतं, आणि वाऱ्यामुळं बोलणंही पोचलं नसावं. ती तशीच पाठमोरी उभी, तेविसाव्या ढिगाला काठी लागायची वाट बघत. नाव तिच्या ओठावर तयार होतं, हे मला बाजूनं दिसत होतं. हा कोनाचा, असं कुणी विचारलंच नाही. बऱ्याच वेळानं ती वळली. ढीग नव्हता. नीलाबाई रिकामी टोपली डोक्यावर पालथी घालून पाळीवरून मोहाकडे चालली होती, गेल्या वर्षी गेली होती तशीच.

दामिनी तिच्यामागं गेली आणि तिच्याशेजारी मोहाखाली बसली. चार वाजेपर्यंत बसली. घड्याळ माझ्या हातावर होतं म्हणून सांगते. पाय मात्र हलतच होते. मी जवळ गेले, काहीतरी बोलावं म्हणून. तिनं वर पाहिलं. मला वाटलं, आता विचारेल, मंग पुढं काय, मॅडम. मी उत्तरही जुळवत होते. तिनं विचारलं नाही. त्यानंतर तिनं मला तो प्रश्न कधीच विचारला नाही.

त्या वर्षी नीलाबाईला इस्तारीच्या घरून दोन वेळचं जेवण जायचं. ती पावसाळ्यात नाल्याच्या तोंडावर पुन्हा उभी राहिली, दामिनी तिच्याबरोबर. एकीचा आवाज गेलेला, म्हणून दुसरी ओरडायची. पुढच्या वर्षी खोकल्यानं नीलाबाई गेली. तलाव अजून पूर्वीसारखा भरलेला नाही, पण ढीग आता पानात मावत नाहीत, असं इस्तारी सांगतात.

दामिनी आता गडचिरोलीत एका बँकेत आहे. तिथंही ती खुर्चीवर बसत नाही, असं तिचे साहेब मला एका लग्नात म्हणाले. दरवर्षी जुलैत ती दहा दिवसांची रजा टाकते. पहिल्या वर्षी अर्जात कारण लिहिलं होतं: नाल्याच्या तोंडावर बसायचे आहे. साहेबांनी अर्ज परत पाठवला, समासात लाल शाईनं विचारून, हे कसलं कारण? तिनं तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि दीड तास हलली नाही. सगळं सांगितलं, माझ्या लाल शाईसकट. साहेब मला हे हसत सांगत होते. मी ताटातलं संपवून हात धुवायला उठले.